तळाशी अडकलेला क्लब वर चढू शकतो का? आधी पगारपत्रक दाखवा

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या श्रेणीत, गेले दोन-तीन हंगाम तळाच्या पाच-सहा जागांत धडपडणारा एक क्लब. प्रेक्षक चार-पाच हजार, मालक बरा, पण अब्जाधीश नव्हे. असा क्लब तिथून उठून एकेक श्रेणी चढत वर जाऊ शकतो का, की पैसा ओतणारा मालक मिळाला तरच हे घडतं?

एक श्रेणी चढणं अगदी शक्य आहे. कुणी ना कुणी अनपेक्षित क्लब ते करून दाखवतोच. दोन श्रेणी चढून तिथे तग धरणं कठीण. तीन श्रेणी चढून थेट प्रीमियर लीगपर्यंत, म्हणजे सर्वोच्च श्रेणीपर्यंत, गेलेल्यांची नावं मला तोंडपाठ आहेत, यावरूनच ती किती थोडी आहेत ते समजा. तुमचा क्लब यांतल्या कुठल्या गटात बसतो, हे मात्र गुणतालिका पाहून कळत नाही. खेळाडूंची निवड आणि पगाराचं अंदाजपत्रक ही दोन्ही कामं मी अशाच क्लबांमध्ये केली आहेत, आणि नव्या ठिकाणी गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. खेळाडूंच्या पगारावर आपण जो खर्च करतो, त्यात या श्रेणीतल्या २४ क्लबांत आपला नंबर कितवा?

कारण एका हंगामात नशीब, दुखापती, पंच यांनी बरंच इकडचं तिकडे होतं, पण पाच-सात हंगामांची सरासरी काढली की क्लब बहुधा आपल्या पगाराच्या क्रमांकाच्या आसपासच सापडतो. त्यामुळे तळाशी असलेले क्लब दोन जातींचे असतात. एक क्लब पगारात २१वा आहे आणि तालिकेतही २१वा. त्याचं काही बिघडलेलंच नाही, तो फक्त गरीब आहे. दुसरा क्लब पगारात आठवा आहे आणि तालिकेत २१वा. हा आजारी आहे, आणि गंमत म्हणजे आशा याच्याकडून जास्त ठेवावी. चुकीचे निर्णय थांबवले तर तो एका-दोन हंगामांत वरच्या दहांत दिसतो. पहिल्या क्लबला आधी उत्पन्न वाढवावं लागतं, आणि ते काम बरंच मंद आहे. पाठीराखे दोघांनाही एकाच सुरात शिव्या घालतात, आणि दोन्हीकडे मॅनेजरलाच काढून टाकलं जातं.

तालिका किती फसवी असते याचं चांगलं उदाहरण म्हणजे २००८-०९ चा लीग टूचा हंगाम. आर्थिक भानगडींमुळे ल्युटन टाउनचे ३० गुण कापले गेले आणि बोर्नमथचे १७. ल्युटन २६ गुणांवर तळाला राहून लीगमधूनच बाहेर फेकला गेला. पण मैदानावर त्यांनी ५६ गुण कमावले होते, म्हणजे मधल्या फळीतला संघ. बोर्नमथने ६३ कमावले आणि कापून ४६ उरले, जेमतेम वाचले. पुढे हे दोन्ही क्लब प्रीमियर लीग खेळले: बोर्नमथ २०१५ मध्ये वर गेला, ल्युटन २०२३ मध्ये. त्या वर्षीची तालिका पाहून त्यांना बाद ठरवणारे, संघ वाईट आहे आणि हिशेब वाईट आहेत यांतला फरकच पाहत नव्हते.

आता दारांबद्दल. इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब. लीग टूमधून दर वर्षी चार क्लब वर जातात: पहिले तीन थेट आणि चौथ्या ते सातव्या क्रमांकांच्या प्लेऑफमधून, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतून, एक. २४ मधले चार, म्हणजे या सगळ्या शिडीतलं हे सर्वांत उदार दार. लीग वनमधून, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतून, तीन वर जातात, चॅम्पियनशिपमधूनही, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतूनही, तीनच. शिवाय लीग टूमधून खाली जातात फक्त दोन. म्हणून तळाच्या क्लबसाठी लक्ष्य पहिला क्रमांक नसून सातवा. २०१६ मध्ये एएफसी विम्बल्डन सातव्या क्रमांकावर राहून प्लेऑफमधून लीग वनमध्ये गेला. ४६ सामन्यांच्या हंगामात साधारण ५० गुणांवर तुम्ही सुरक्षित असता आणि साधारण ७० गुणांवर प्लेऑफच्या दारात. फरक २० गुणांचा. एका गोलाने हरलेले सामने मोजून पाहा, मग हे अंतर वाटतं तितकं भयंकर नाही हे कळेल.

मात्र खाली पडलात तर गणित उलटं होतं. नॅशनल लीगमधूनही, म्हणजे पाचव्या श्रेणीतूनही, २४ क्लबांतून फक्त दोन वर येतात. रेक्सहॅम २००८ मध्ये खाली गेला तो १५ वर्षं तिथेच होता. २०२२-२३ मध्ये तो १११ गुणांच्या विक्रमासह वर आला तेव्हा नॉट्स काउंटीचे १०७ गुण होते, आणि तरीही नॉट्सला प्लेऑफ खेळून, अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटपर्यंत जाऊन बढती मिळवावी लागली. म्हणून तळाच्या क्लबात कुणी मला "तीन वर्षांत चॅम्पियनशिप" असा आराखडा दाखवला की मी म्हणतो, आधी या मे महिन्यापर्यंत २२वा क्रमांक पक्का करा. बाकीचं त्यानंतर.

मग असे क्लब तळालाच का रुतून बसतात? पैसा कमी हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं करारांच्या फाइलमध्ये असतं, आणि या एका गोष्टीवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाहेरून ती कुणाला दिसत नाही.

ऑक्टोबरात संघ हरायला लागतो. नोव्हेंबरात मॅनेजर जातो. नवा येतो, त्याला तीन बचावपटूंची पद्धत हवी असते आणि आधीच्याने चार बचावपटूंच्या पद्धतीसाठी संघ बांधलेला असतो. जानेवारीत तो आपल्या ओळखीचे पाच खेळाडू आणतो. हंगामाच्या मधोमध रिकामा असलेला खेळाडू एकतर दुखापतीतून उठलेला असतो किंवा दुसऱ्याला नको झालेला असतो, त्यामुळे तो यायला तयार व्हावा म्हणून दीड वर्षाचा करार द्यावा लागतो. कसेबसे वाचता. पुढच्या सप्टेंबरात हाही मॅनेजर जातो. आता पगारपत्रकावर दोन मॅनेजरांचे खेळाडू, शिवाय गेलेल्या मॅनेजरांच्या कराराची भरपाई. तिसरा येतो तेव्हा त्याच्या हातात नव्या खेळाडूंसाठी उरलेला पैसा या श्रेणीतला सर्वांत कमी असतो. कागदावर क्लबचा पगार बाराव्या क्रमांकाचा दिसतो, पण प्रत्यक्ष मैदानावर उतरणाऱ्या अकरा जणांचा पगार २२व्या क्रमांकाचा. बाकीचे पैसे स्टँडमध्ये बसून सामना पाहत असतात.

यावर औषध आहे आणि ते महाग नाही, पण मालकाच्या स्वभावाला कडू लागतं. खेळाडू निवडण्याचं काम मॅनेजरच्या हातून काढून क्लबच्या हातात ठेवायचं. क्लब कसा खेळणार हे आधी ठरवायचं, मग त्यात बसणारा मॅनेजर शोधायचा. म्हणजे तो गेला तरी पुढच्याला तेच खेळाडू उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये करार ३० जूनला संपतात, आणि लीग टूमध्ये बहुतेक करार एक-दोन वर्षांचेच. म्हणून दर उन्हाळ्यात एक तृतीयांश ते निम्मे करार संपतील अशी मांडणी हवी. सगळे एकदम संपले तर संघ शून्यातून उभा करावा लागतो, आणि एकही संपला नाही तर चुका वर्षभर पोसाव्या लागतात. स्वॉन्सीने नेमकं हेच करून दाखवलं. २००३ मध्ये शेवटच्या दिवशी हल सिटीला ४-२ असं हरवून तो क्लब लीगमधून बाहेर पडण्यापासून वाचला, आणि २०११ मध्ये प्रीमियर लीगमध्ये गेला. रॉबर्टो मार्टिनेझ, पाउलो सोसा, ब्रेंडन रॉजर्स असे मॅनेजर आले-गेले, पण चेंडू आपल्या पायाशी ठेवण्याची पद्धत तीच राहिली. त्या क्लबात पाठीराख्यांच्या ट्रस्टचा सुमारे २० टक्के हिस्सा होता, हेही विसरू नये.

दुसरं टोक म्हणजे एकच माणूस टिकवणं. जर्मनीतल्या हायडेनहाइमने २००७ मध्ये फ्रँक श्मिट यांना प्रशिक्षक नेमलं तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीत होता. २०२३ मध्ये तोच क्लब, त्याच प्रशिक्षकासह, बुंडेसलीगात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च श्रेणीत, पोहोचला. शेवटच्या दिवशी जादा वेळेत दोन गोल करून ३-२ जिंकला, म्हणजे १६ वर्षांच्या कष्टांचा निकाल अखेर काही मिनिटांवर ठरला. तिथे हे शक्य झालं कारण मधल्या वाईट हंगामांत कुणी घाबरलं नाही. इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत असा धीर मला फार क्वचित दिसला आहे.

मैदानावर काय करायचं, ते थोडक्यात. तळाच्या संघाने सर्वांत स्वस्तात मिळवण्यासारखे गुण सेट पीसमध्ये असतात: कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो. बचावात उंची आणि शिस्त, आक्रमणात दोन-तीन घोटलेल्या चाली. मग चांगला गोलरक्षक. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मालक पैसे द्यायला सर्वांत नाखूश असतो: वैद्यकीय आणि तंदुरुस्तीची फळी. शनिवार-मंगळवार-शनिवार असे ४६ सामने, वर कपचे. तुमचे पहिले अकरा जण ३५-४० सामने उपलब्ध राहिले तर तुम्ही विकत न घेता संघ सुधारला. एक जास्तीचा फिजिओ आणि बरं गवत यांचा खर्च एका मध्यम स्ट्रायकरहून कमी असतो, आणि स्ट्रायकर तर दुखापतीसह येतो.

खेळाडूंची भरती हा वेगळा विषय आहे. खालच्या श्रेणीत लोनवर, म्हणजे उसने, खेळाडू आणणं हा सर्वांत गोड मोह. वरच्या क्लबचा विशीतला पोरगा, पगार अर्धा तेच देणार, गोल मात्र तुमच्यासाठी करणार. पण तो तुमचा नसतो. २०२४-२५ मध्ये वॉल्सॉल जानेवारीत लीग टूमध्ये १२ गुणांनी आघाडीवर होता. त्याच महिन्यात त्यांच्या गोलांचा मुख्य आधार असलेल्या नेथन लो याला त्याच्या मूळ क्लबने, स्टोकने, परत बोलावलं. वॉल्सॉल चौथ्या क्रमांकावर घसरला आणि प्लेऑफच्या अंतिम सामन्यात एएफसी विम्बल्डनकडून ०-१ हरला. एका खेळाडूमुळेच हे झालं असं म्हणणं अतिरेक होईल. पण गोल करणारा माणूस उसना असेल तर जानेवारीची चिंता सप्टेंबरातच करायला हवी.

उलट, स्वतः घडवलेला किंवा स्वस्तात उचललेला खेळाडू विकताना पुढच्या विक्रीतला हिस्सा करारात लिहून घेणं ही खालच्या क्लबची खरी कमाई. एक्सेटर सिटी २००३ पासून पाठीराख्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा आहे. त्यांनी ऑली वॉटकिन्सला २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकलं, तेव्हा हे कलम ठेवलं होतं. २०२० मध्ये ब्रेंटफर्डने त्याला अ‍ॅस्टन व्हिलाला २.८ कोटी पाउंड आणि वर काही अटींच्या रकमेला विकलं, आणि एक्सेटरच्या तिजोरीत पुन्हा पैसे आले. लीग टूमधल्या क्लबसाठी अशी रक्कम काही वर्षांची झोप असते. वीस वर्षांचा मुलगा विकून टाकल्याबद्दल ओरडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, कलम काय होतं?

ब्रेंटफर्डचं नाव निघालंच आहे तर तेही पाहू. २००९ मध्ये लीग टू जिंकलेला हा क्लब २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये गेला. मालक मॅथ्यू बेनहम सट्टेबाजीच्या आकडेशास्त्रातून श्रीमंत झालेला, आणि लहानपणापासूनचा पाठीराखा. सगळे म्हणतात त्यांनी आकडेवारीने जिंकलं. मला त्यांचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. २०१३ मध्ये लीग वनच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या क्षणी, त्यांना पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर थेट बढती. चेंडू बारला आदळला, डॉनकास्टरने तसाच पुढे धावून गोल केला आणि डॉनकास्टर विजेता ठरला. पुढे प्लेऑफची अंतिमही ब्रेंटफर्ड हरला. बहुतेक क्लबांत यानंतर सगळं मोडून नवं मांडलं गेलं असतं. त्यांनी तीच दिशा ठेवली आणि २०१४ मध्ये वर गेले. २०२० ची प्लेऑफ अंतिम हरले, २०२१ ची जिंकले. निकाल आणि निर्णय यांत फरक करता येणं ही फार दुर्मीळ शिस्त आहे. तळाच्या क्लबला ती सर्वांत जास्त लागते, आणि तिथेच ती सर्वांत कमी आढळते.

आता पैसेवाल्या मालकाचा प्रश्न. त्याच्याशिवाय होत नाही का? होतं, पण उंचीला मर्यादा येते. त्याच्यासह होतंच का? तर नाही. रेक्सहॅम रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या अभिनेत्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये घेतला. त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण हंगामात, २०२२ च्या प्लेऑफ उपांत्य सामन्यात, घरच्या मैदानावर ग्रिम्सबीने त्यांना ५-४ असं हरवलं. मग २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन बढत्या, ज्या इंग्लंडच्या वरच्या पाच श्रेणींत आधी कुणी घेतल्या नव्हत्या. पण त्यांचं वेगळेपण खर्चात नाही. क्लबवरच्या टीव्ही मालिकेमुळे जगभरातून प्रायोजक आणि चाहते आले, म्हणजे क्लबचं उत्पन्नच वरच्या श्रेणीचं झालं. नुसता खर्च वाढवणारे मालक बरेच असतात. उत्पन्न वाढवणारा विरळा.

नुसत्या खर्चाचं काय होतं ते स्कॉटलंडच्या ग्रेटनात दिसलं. एका छोट्या गावाचा हा क्लब मालकाच्या पैशावर २००५, २००६, २००७ अशा तीन सलग बढत्या घेत वरच्या श्रेणीत गेला. २००६ मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हार्ट्सकडून पेनल्टींवरच काय तो हरला. स्वतःचं मैदान वरच्या श्रेणीच्या निकषांत बसेना म्हणून घरचे सामने मदरवेलच्या मैदानावर खेळायची वेळ आली. मालक आजारी पडला, पैसा थांबला, आणि २००८ मध्ये क्लब संपला. इंग्लंडमधला ‘बरी’ हा क्लब २०१९ च्या वसंतात खेळाडूंचे पगार थकलेले असताना लीग टूमधून बढती मिळवून बसला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लीगमधून काढून टाकला गेला. बढती म्हणजे प्रकृती सुधारली, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावं.

म्हणून मालकाला विचारायचा प्रश्न "किती घालणार?" हा नाही. घातलेला पैसा कर्ज म्हणून की भांडवल म्हणून, हे विचारा. नियमांनाही हा फरक कळतो. लीग टूमध्ये खेळाडूंच्या पगाराला उत्पन्नाच्या साधारण निम्म्याची आणि लीग वनमध्ये साधारण ६० टक्क्यांची मर्यादा राहिली आहे, आणि मालकाने कर्जाऐवजी भांडवल किंवा देणगी म्हणून दिलेला पैसा त्यात उत्पन्नाच्या बाजूला धरला जातो. कर्ज असेल तर मालक कंटाळला त्या दिवशी ते क्लबच्या गळ्यात. आणि क्लब दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या हाती गेला की १२ गुणांची कपात, म्हणजे चार विजय वाया.

चढल्यावर पुढे काय, हेही आधीच पाहायला हवं. लीग वनमध्ये तुमची गाठ तुमच्यासारख्यांशी पडेलच असं नाही. संडरलँड तिथे २०१८ ते २०२२ होता, इप्सविच २०१९ ते २०२३. २०२४-२५ मध्ये बर्मिंगहॅम सिटीने तिथे १११ गुण घेतले. असे दोन-तीन क्लब दर हंगामात तिथे असतात आणि थेट बढतीच्या दोन जागांवर त्यांचा डोळा असतो. त्याहून वर चॅम्पियनशिपमध्ये प्रीमियर लीगमधून उतरलेल्या क्लबांना पॅराशूट पेमेंट मिळतं. प्रत्येक क्लबला समान वाटल्या जाणाऱ्या प्रक्षेपणाच्या रकमेचा पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि एकाहून जास्त हंगाम वर काढले असतील तर तिसऱ्या वर्षी २० टक्के भाग. चार-पाच हजार प्रेक्षकांच्या क्लबने याच्याशी कसं लढायचं? बर्टन अल्बियन हे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं. २००९ मध्ये लीगमध्ये आला, २०१५ मध्ये लीग टू जिंकली, २०१६ मध्ये चॅम्पियनशिप गाठली, दोन हंगाम तग धरला आणि २०१८ मध्ये उतरला. मी याला अपयश म्हणत नाही. त्या उत्पन्नात ते शिखर होतं.

वेगाचंही तसंच. नॉर्दम्प्टन १९६१ मध्ये चौथ्या श्रेणीतून निघून १९६५ मध्ये पहिल्या श्रेणीत गेला आणि १९६९ मध्ये परत चौथीत. जॉन टोशॅक यांच्या स्वॉन्सीने १९७८ ते १९८१ मध्ये हीच चढण तीन वर्षांत केली आणि १९८६ पर्यंत पुन्हा चौथी गाठली. वरच्या श्रेणीच्या पगाराचे करार घेऊन खालच्या श्रेणीत उतरलं की एकच घसरण दोन-तीन घसरणींत बदलते. करारात "श्रेणी घसरली तर पगार इतका कमी" हे कलम नसेल तर बढतीची सही करतानाच तुम्ही पुढच्या संकटाची सही करत असता. ल्युटनसुद्धा, इतका सावध क्लब असून, २०२४ मध्ये प्रीमियर लीगमधून उतरला आणि लगेच २०२५ मध्ये चॅम्पियनशिपमधूनही.

कागदपत्रं आणि मैदान यांबद्दल कुणी विचारत नाही, पण बढती तिथेही अडते. १९९६ मध्ये स्टीव्हनेजने आजच्या नॅशनल लीगच्या पातळीवरची स्पर्धा जिंकली, पण मैदान निकषांत बसलं नाही म्हणून त्यांना वर घेतलंच नाही. त्यांना आणखी १४ वर्षं थांबावं लागलं. २०२० मध्ये हॅरोगेट टाउन वर आला तेव्हा त्यांना कृत्रिम गवत उखडून खरं गवत लावावं लागलं, कारण इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये कृत्रिम गवत चालत नाही. तोवर घरचे सामने डॉनकास्टरला. स्पेनमध्ये तर कमालच झाली. २०१४ मध्ये एइबार, सत्तावीस हजार वस्तीच्या गावचा कर्जमुक्त क्लब, ला लीगासाठी, म्हणजे तिथल्या सर्वोच्च श्रेणीसाठी, पात्र ठरला, आणि नियमाप्रमाणे भांडवल पुरेसं नाही म्हणून सुमारे १७ लाख युरो उभे करायला सांगितले गेले. त्यांनी जगभरातल्या लोकांना छोटे छोटे शेअर विकून ते जमवले आणि पुढचे सात हंगाम वरच्या श्रेणीत काढले.

आता मूळ क्लबकडे. तुम्ही वर्णन केलेल्या आकाराच्या क्लबसाठी माझा अंदाज असा. निर्णय सुधारले तर पाच वर्षांत एकदा लीग वन गाठणं वाजवी आहे. तिथे तीन-चार हंगाम टिकून राहणं हे पहिल्या बढतीपेक्षा अवघड आणि जास्त मोलाचं. चॅम्पियनशिप एका पिढीत एकदा लागली तर लागली. प्रीमियर लीगचा आराखडा करू नका. ती गोष्ट अनेक योग्य निर्णयांवर चार-पाच नशिबाचे क्षण चढल्यावर घडते, आणि त्या क्षणांसाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो.

क्लब खरंच वळला आहे का, हे तुम्हाला बाहेरूनही तपासता येईल. मे महिन्यात क्लब कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं याची यादी जाहीर करतो. दोन वर्षांपूर्वीच्या यादीशी ती ताडून पाहा. सलग दुसऱ्या उन्हाळ्यात चौदा-पंधरा खेळाडू बदलले जात असतील तर तोच फेरा चालू आहे. आठ-नऊ बदलले आणि उरलेल्यांत पंचविशीच्या आतले, पुढे विकता येतील असे चार-पाच असतील तर कुणीतरी विचार करतंय. कंपनीचे हिशेब सरकारी नोंदणीत जाहीर असतात. त्यात मालकाचं कर्ज दर वर्षी किती वाढतंय ते बघा, आणि त्यातला काही भाग भांडवलात बदलला गेलाय का तेही. शेवटी मैदान कोणाच्या नावावर आहे ते शोधा: क्लबच्या, नगरपालिकेच्या की मालकाच्या वेगळ्या कंपनीच्या. नगरपालिकेचं असेल तर भाडेकरार किती वर्षांचा ते विचारा. वेगळ्या कंपनीचं असेल तर पाठीराख्यांच्या ट्रस्टची पुढची बैठक त्याच एका विषयावर लावा, नव्या स्ट्रायकरची चर्चा नंतर होऊ शकते.